आपली माणसं पब्लिकमध्ये धरतात का?

पेटंट विभागातल्या मॅडमनी प्रश्न अगदी सहज विचारला होता. दुकानदार पिशवी हातात देताना ‘आणि काही?’ म्हणतो ना, तितका सहज. मसुदा तयार होता, आकृत्या जोडून झाल्या होत्या, जेवणाच्या सुट्टीनंतर अर्ज दाखल व्हायचा होता. मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, “डॉक्टर साब, बाहर किसी को बताया तो नहीं ना?”

“बिलकुल नहीं,” मी छाती पुढे काढून म्हणालो. “सिर्फ अपने लोगों को.”

चष्मा पुसणं थांबलं. “अपने लोग, मतलब?”

“मतलब... हमारा मराठी मंडळ.”

“कितने लोग थे?”

एरवी हा प्रश्न मला फार आवडतो आणि उत्तरात मी थोडी भरच घालतो. त्या दिवशी मात्र श्रोते कमी असते तर बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. “हॉल भरा था,” मी पुटपुटलो.

“डॉक्टर साब, वो पब्लिक है.”

“नहीं नहीं मॅडम, पब्लिक कहाँ! घर के लोग हैं.”

चंडीगडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. पब्लिक म्हणजे सेक्टर सतराच्या चौकात संध्याकाळी हिंडत असतं ते. मंडळात येतात ती आपली माणसं. कुणी फौजेतलं, कुणी हवाई दलातलं, कुणी मोठ्या इस्पितळात डॉक्टर, कुणी विद्यापीठात शिकवणारं. आज आहेत, उद्या बदली. पण आहेत तोवर ज्यांच्याकडून आपण गोडा मसाला उसना आणतो, ज्यांच्या सासूबाईंना आपण विमानतळावरून आणायला जातो, ते पब्लिक कसे असतील? मॅडमनी शांतपणे सांगितलं की कायद्याला गोडा मसाला कळत नाही. गुप्तता पाळायला जो बांधील नाही तो पब्लिक, मग तो तुमचा सख्खा मेहुणा का असेना. आणि अर्जाच्या आधी शोध चारचौघांत फुटला, तर तो नवा राहत नाही. नवा नाही, तर पेटंट नाही.

माझ्या शेजारी माझी विद्यार्थिनी बसली होती. मसुद्यावर पहिलं नाव तिचं होतं. कोल्हापूरकडची मुलगी, तिकडच्या पद्धतीनं स्वतःबद्दल ‘मी येतो, मी जातो’ बोलणारी. तिची फेलोशिप उन्हाळ्यापर्यंतच होती. अर्ज दाखल झाला, तर आमच्या संशोधन संस्थेच्या नवउद्योग केंद्रात तिला एक खोली मिळणार होती आणि तिथे ती हे यंत्र स्वतः बनवून विकणार होती. नाही झाला, तर कुठल्या तरी कॉलेजात तासावर शिकवणं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि फक्त एवढंच विचारलं, “सर, किती सांगितलं?”

आणि मला आठवेना.

हे खोटं वाटेल, पण खरंच आठवेना. मी एकच गोष्ट इतक्यांदा इतक्या तऱ्हांनी सांगतो, की कुठल्या वेळी काय सांगितलं हे मला दुसऱ्यांकडूनच कळतं.

यंत्राबद्दल आधी सांगायला हवं. मी मोजण्याची यंत्रं बनवतो. उष्णता, दाब, पातळी, प्रवाह, जे म्हणाल ते. या यंत्रांची एक गंमत मला इतकी वर्षं होऊनही जुनी झालेली नाही. जे मोजायचं ते त्यांना कधीच दिसत नाही. तापमापीला ताप दिसत नाही, पारा किती फुगला तेवढं दिसतं. वजनकाट्याला वजन कळत नाही, स्प्रिंग किती दबली ते कळतं. प्रत्येक यंत्र दुसऱ्याच कशाकडे तरी बघतं आणि त्यावरून अंदाज बांधतं. चांगला शोध म्हणजे बहुतेक वेळा बघण्याची योग्य जागा सापडणं.

आमची अडचण होती गुळाचा पाक. पिंजौरजवळ गजक आणि चिक्कीचा एक कारखाना आहे. तिथले लालाजी संस्थेत आले आणि म्हणाले, साहब, कढई पे ढक्कन लगवा दिया, अब अंदर क्या हो रहा है पता नहीं चलता. झाकण उघडलं की वाफ, उष्णता सगळं बाहेर. उघडलं नाही तर पाक पुढे जातो आणि चिक्की दात पाडते. नुसत्या तापमापीवर विसंबावं तर प्रत्येक खेपेचा गूळ वेगळा, त्याचं तापमान वेगळं बोलतं.

मी तापमापी सुधारायच्या मागे लागलो होतो. विद्यार्थिनी म्हणाली, “सर, आमची आई बाहेरच्या खोलीत बसून ओळखते आमटी आटली का नाही ते. कशानं? कानानंच की.”

झालं. कढईच्या बाहेरच्या भिंतीला आम्ही एक आवाज टिपणारा सेन्सर चिकटवला. पातळ पाक खळखळतो. घट्ट व्हायला लागला की खदखदतो. व्हायला आला की फदफदतो, बुडबुडे मोठे होतात आणि सावकाश, आळशासारखे फुटतात. मराठीत हे शब्द आयते होते, म्हणून आम्ही आलेखांना तीच नावं दिली. पुढे मसुदा इंग्रजीत उतरवताना मॅडमनी विचारलं होतं, “ये फदफद क्या है?” आम्ही दोघांनी मिळून तोंडानं फदफद करून दाखवली. इंग्रजीत त्यासाठी शब्द सापडला नाही. अखेर फदफदीचं वर्णन करायला आम्हाला एक आख्खा परिच्छेद लागला.

पण कढईत ढवळणी फिरत असते. मोटर, गिअर, पाती, सगळ्यांचा मिळून घर्रर्र. त्या घर्रर्रपुढे फदफदीचं काय ऐकू येणार? मी महिनोन् महिने गणिती फिल्टर लिहिले. घर्रर्र चाळून वेगळा काढायचा आणि खाली उरेल ती फदफद. माझ्या फिल्टरांवर माझा फार जीव. एक फसला की मी त्याची पुढची आवृत्ती काढायचो, आणि ती का चालणार हे विद्यार्थिनीला समजावून सांगायचो. एका दुपारी चालू कढईशेजारी उभा राहून, मोटरच्या वर आवाज चढवून मी असंच समजावत होतो. तिनं हात लांब केला, मोटरचं बटण बंद केलं आणि म्हणाली, “सर, एक मिनिट गप्प बसा की!”

मोटर थांबली. धक्क्यानं मीही थांबलो. आणि पडद्यावर फदफद उमटली. स्वच्छ, कुणी सुलेखन करावं तशी.

शोध तो. ढवळणी काही क्षण थांबवायची, ऐकायचं, पुन्हा चालू करायची. ऐकताना सोपं वाटतं. पण केव्हा थांबवायची, किती वेळ, म्हणजे ऐकूही येईल आणि पाक तळाला लागणारही नाही, हे त्या आवाजावरूनच ठरवायचं. ते तिनं काढलं. माझं योगदान म्हणाल तर मी गप्प बसलो. आयुष्यात एकदाच बसलो आणि त्यावर पेटंट निघायची वेळ आली.

आणि मग आली संक्रांत.

आमच्या मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम दुपारी असतो, कारण जानेवारीत सकाळचं धुकं निवळायलाच दुपार होते. विद्यार्थिनी सणाला घरी गेली होती. तिळगूळ वाटून झाला. गोड बोलायचा सण, सूत्रसंचालक म्हणाले, सर, तुम्ही दोन शब्द बोला. आता गोड बोलायचं हे सगळे सांगतात, किती बोलायचं हे कुणी सांगत नाही. त्यात माझ्या हातात तिळाची वडी, वडीत गुळाचा पाक, आणि माझ्याकडे जगातलं एकमेव पाक ऐकणारं यंत्र. मला सांगा, कुणाला राहवलं असतं?

“आता काय करायचं?” मी मॅडमना विचारलं.

मॅडम म्हणाल्या की नुसतं बोलल्यानं सगळं संपत नाही. प्रश्न असा, की तुमचं ऐकून एखाद्या जाणकार माणसाला ते यंत्र बनवता येईल का? अर्ज शुक्रवारपर्यंत थांबवते, तोवर शोधून काढा, तुम्ही नेमकं काय सांगितलंत. लोकांना विचारा. “लेकिन डॉक्टर साब,” मॅडमनी बोट उगारलं, “सिर्फ पूछना. बताना मत.”

म्हणजे बघा. ज्या माणसाला आपण मोठे गोष्टीवेल्हाळ आहोत याचा अभिमान, त्यानं घरोघर जाऊन देवाकडे मागायचं की माझं बोलणं कुणाला कळलेलं नसू दे.

सुरुवात घरातून केली. माझी बायको इस्पितळात कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. रोज माणसांच्या कानात डोकावते. म्हटलं, ही तरी ऐकत असेल.

“संक्रांतीला मी काय बोललो, आठवतं?”

“अहो, मी ऐकलंच नाही.”

“पहिल्या रांगेत बसली होतीस!”

“बसले होते. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तुमचा आवाज मला पंख्यासारखा आहे. चालू असतो तोवर ऐकू येत नाही. बंद झाला की जाग येते.” आणि वर शास्त्रीय आधारही दिला. “सतत चालणाऱ्या आवाजाकडे मेंदू लक्षच देत नाही. यात अपमान काही नाही.”

तिथून निघालो ते मंडळाच्या माजी अध्यक्षांकडे. हे निवृत्त कर्नल, इथेच स्थायिक झालेले. विद्यार्थिनीनं मला एकट्याला सोडायला साफ नकार दिला. “तुम्ही विचारायला जाल आणि सांगून याल,” म्हणाली. गाडीत तिनं नियम घालून दिला. प्रश्न ती विचारणार, मी चहा प्यायचा.

कर्नलसाहेबांना सगळं लख्ख आठवत होतं. “ते बोगदे शोधायचं यंत्र ना? जमिनीला कान लावायचा आणि खाली कोण खणतंय ते ओळखायचं. फर्स्ट क्लास आयडिया. मी आमच्या जुन्या युनिटला कळवणार होतो.”

“बोगदे नव्हते हो,” त्यांच्या मिसेस आतून म्हणाल्या. “चिक्कीचं होतं काहीतरी.”

“चिक्कीला कशाला कोण यंत्र लावेल?”

“मग बोगद्यात तिळगूळ वाटत होते का?” काकू बाहेर येऊन माझ्याकडे वळल्या. “सर, खरं सांगू का, मला तुमची काळजीच वाटत होती. तुम्ही सारखं घशातून घर्रर्र घर्रर्र करत होतात. मला वाटलं, कफ झालाय. हळदीचं दूध देणार होते, पण तुम्ही थांबतच नव्हतात.”

विद्यार्थिनीनं मान खाली घातली. हसत होती की रडकुंडीला आली होती, कळलं नाही.

विद्यापीठातले एक प्राध्यापक म्हणाले, अप्रतिम झालं भाषण. विषय विचारल्यावर म्हणाले, विषयापेक्षा ओघ महत्त्वाचा. हवाई दलातल्या एका तरुण अधिकाऱ्याला मी मोटारीच्या इंजिनाबद्दल बोलत होतो असं वाटलं होतं. एक बाई म्हणाल्या, तुम्ही आमटी करपल्याची गोष्ट सांगितलीत आणि त्यावरून घरी माझं आणि यांचं भांडण झालं.

मी चहामागून चहा पीत ऐकत राहिलो. सुरुवातीला जीव मुठीत धरून, मग हळूहळू निव्वळ कुतूहलानं. एकच मी, एकच दुपार, एकच भाषण, आणि प्रत्येकाच्या कानात वेगळाच पाक. कर्नलसाहेबांच्या डोक्यात सीमा होती, त्यांना सीमा ऐकू आली. काकूंना माझा घसा. विचारायला गेलो होतो माझ्या भाषणाबद्दल आणि कळत होतं ऐकणाऱ्यांबद्दल. यंत्रांचं तेच, माणसांचंही तेच. मी हे विद्यार्थिनीला समजावून सांगायला लागलो, तर ती म्हणाली, “सर, समोर रेड लाइट हाय.”

पण खरी भीती वेगळीच होती. एक माणूस राहिला होता आणि आम्ही दोघंही त्याला शेवटपर्यंत टाळत होतो. नुकतेच इकडे आलेले पुण्याचे एक इंजिनियर. पंचकुल्यात कढया, टाक्या आणि ढवळण्या बनवणाऱ्या एका कारखान्यात रुजू झालेले. जाणकार माणूस म्हणजे याहून जाणकार कोण? आणि मला एवढं नक्की आठवत होतं, की भाषण संपल्यावर सगळे जेवणाच्या रांगेकडे पळाले तेव्हा हे एकटे माझ्याकडे आले होते. डोळे चमकत होते. सेन्सर कुठला, कसा चिकटवला, सगळं विचारलं होतं. मला केवढा आनंद झाला होता तेव्हा! आता तीच आठवण नकोशी झाली होती.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, आम्हाला पाहिलं आणि थोडे ओशाळले.

“सर, तुम्हीच आलात ते बरं झालं. मी फोन करणारच होतो, पण धीर होत नव्हता.”

“का हो?” विद्यार्थिनीनं विचारलं.

त्यांनी चहा आणला, कप समोर ठेवले, बसले, पुन्हा उठून दिवा लावला. मग म्हणाले, “मी ते करून बघितलं.”

माझा चहा भलतीकडेच गेला. विद्यार्थिनीचा कप ओठांपाशीच राहिला.

“काय करून बघितलं?”

“सरांचं ते. आमच्याकडे एक कढई चाचणीसाठी उभी होती. बाजारातून गूळ आणला, पाक चढवला. सर म्हणाले होते तसा बाहेरून सेन्सर चिकटवला. ढवळणी चालू केली.”

“आणि?” तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की आमच्या सेन्सरलाही ऐकू गेला नसता.

“घर्रर्र.”

“आणि?”

“आणि काही नाही. नुसतं घर्रर्र. सेन्सरची जागा बदलून बघितली. सर म्हणाले होते तसा फिल्टर लावला, मग दुसऱ्या तऱ्हेचा लावला. पाक तळाला लागला, पण आवाज काही सापडला नाही.” ते माझ्याकडे वळले. “सर, राग मानू नका. पण माझं असं मत झालं की...”

“बोला की,” विद्यार्थिनी म्हणाली.

“की सर थोडं रंगवून सांगतात.”

“थापा मारतात, असं म्हणायचंय का तुम्हाला?” हे विचारताना तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती, की मला अपमान वाटून घ्यायलाही सवड मिळाली नाही.

“आता तुम्हीच शब्द काढलात,” ते म्हणाले.

मी कित्येक सभांमध्ये टीका ऐकली आहे. तिकडे माझ्याकडे उत्तर असतं आणि मी ते देतो, गरज असो वा नसो. आज उत्तर होतं. दोनच शब्दांचं. मोटर थांबवा. ते दोन शब्द माझ्या घशातून वर चढले, जिभेवर येऊन उभे राहिले. समोर एक सज्जन इंजिनियर मला थापाड्या समजत होता. त्याला एका वाक्यात गार करणं माझ्या हातात होतं. मी खुर्चीत पुढे सरकलो. “त्याचं असं आहे...” मी म्हणालो.

“सर,” विद्यार्थिनी म्हणाली, “चहा गार होतोय.”

मी चहा प्यालो. सगळा. तळाची साखरही. मग कप खाली ठेवला आणि म्हणालो, “बरोबर आहे तुमचं. तसं नाही चालत ते.”

गंमत म्हणजे हे अक्षरशः खरं होतं.

त्या भल्या माणसाचा चेहरा उतरला. उठून माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. “मनाला लावून घेऊ नका, सर. प्रयोग आहे. होतं असं. कल्पना चांगली होती.” मला दारापर्यंत सोडायला आले, आणि बाहेर धुकं आहे, जपून जा, असंही म्हणाले. पराभूत माणसाशी कसं वागावं, ते त्यांच्याकडून शिकावं.

गाडीत बसल्यावर विद्यार्थिनी आधी पोट धरून हसली. इतकी, की मी गाडी सुरूच केली नाही. मग डोळे पुसत म्हणाली, “पण सर, मोटर बंद करायचं तुम्ही सांगितलंच नाही? का नाही सांगितलं?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. आणि खरंच माहीत नव्हतं.

ती आमच्याकडेच जेवायला आली. जेवताना मी सगळी हकीकत बायकोला सांगत होतो. माझी मुलगी अकरावीत आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं. ती ताटातून मान वर न करता म्हणाली, “बाबा, मेरे पास तो पूरा वीडियो है.”

“काय?”

“आप घर्रर्र कर रहे थे ना. मैंने फ्रेंड को भेजा था. वो इतना हँसी, यार.”

आठवडाभर मी शहरभर लोकांचे कान तपासत हिंडलो आणि मूळ प्रत माझ्याच घरात, माझी टिंगल करायला काढून ठेवलेली.

टेबलावर फोन उभा करून आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. पडद्यावरचा मी हातवारे करत होतो. काकूंचं म्हणणं खरं होतं, घर्रर्र अखंड चालू होता. खळखळ होती, खदखद होती, फदफदीला तर मी गाल फुगवले होते. आणि मग तो प्रसंग आला. मी ऐकू लागलो. पडद्यावरचा मी म्हणाला, “आता या घर्रर्रमधून फदफद कशी ऐकायची? मी एक असा फिल्टर बसवला, की घर्रर्र वरच्या वर निघून गेला!” टाळ्या. बटण नव्हतं. थांबणं नव्हतं. ‘गप्प बसा’ नव्हतं.

कारण तसं सांगायचं, तर माझ्या विद्यार्थिनीनं मला गप्प बसवलं हे भर सभेत सांगावं लागलं असतं. ते माझ्यातल्या कुणीतरी, मला न विचारताच, गाळून टाकलं होतं. माझा एकमेव चाललेला फिल्टर तोच.

व्हिडिओत पुढे मी एवढंच म्हणत होतो, “आमच्या एका विद्यार्थिनीचीही यात मदत झाली.”

फोन बंद झाला.

“मदत,” विद्यार्थिनी म्हणाली. भाकरीचा तुकडा तिच्या हातातच होता. “सर, मी कुठंय ह्यात?”

मला काही सुचलं नाही. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. पंखा बंद झाल्यावर जाग येते तसं.

मग विद्यार्थिनीनंच तो तुकडा आमटीत बुडवला. “बरंच झालं म्हणा. मला घेतलं असतं, तर पेटंट गेलं असतं की.” हे म्हटल्यावर ती हसली, पण लगेच नाही.

शुक्रवारी मॅडमनी व्हिडिओ दोनदा पाहिला. पहिल्यांदा कामासाठी आणि दुसऱ्यांदा, मला वाटतं, गाल फुगवलेले बघायला. शब्दन् शब्द हिंदीत उतरवून घेतला. पुण्याच्या इंजिनियरांनी काय केलं आणि काय झालं नाही, ते टिपलं. मग म्हणाल्या, मुख्य गोष्ट यात कुठेच बाहेर गेलेली नाही, माझ्या मते हरकत नाही, दाखल करू. पण एक टिपण सोबत ठेवावं लागेल. शोध खरोखर कसा लागला, त्याचं. उद्या कुणी आक्षेप घेतलाच तर उपयोगी पडेल. “सच सच लिखिए, डॉक्टर साब. किसने किसको चुप कराया.”

ते टिपण मी लिहिलं. सरकारी इंग्रजीत ‘सर, एक मिनिट गप्प बसा की’ लिहिणं फदफदीपेक्षा अवघड निघालं. त्या ‘की’मध्ये आदर आहे, कंटाळा आहे, आर्जव आहे, आणि कोल्हापूरही आहे. मी ‘संशोधक विद्यार्थिनीने मार्गदर्शकास शांत राहण्याची विनंती केली’ अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं. विद्यार्थिनीनं वाचून ‘विनंती’ खोडायला लावलं.

दुपारी अर्ज दाखल झाला. पहिलं नाव तिचं. पेटंट मंजूर व्हायला वेळ लागतो, अजून झालेलं नाही. पण तिला खोली मिळाली. खोलीला खिडकी नाही, पण दाराबाहेर तिनं स्वतःच्या नावाची पाटी लावली आहे आणि आत लालाजींची एक जुनी कढई आणून ठेवली आहे.

गुढीपाडव्याला मंडळ पुन्हा जमलं. अर्ज दाखल झाल्यामुळे आता बोलायला मोकळीक होती, मी मॅडमना आधी फोन करून खात्री केली होती. सूत्रसंचालकांनी मला बोलवायच्या आधीच मी विद्यार्थिनीला पुढे केलं. ती म्हणाली, “नको सर, तुम्हीच सांगा. पण सगळं सांगा.” आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली. पुण्याचे इंजिनियर मागे खांबाशी उभे होते, पडलेल्या माणसाला धीर द्यावा तसे माझ्याकडे बघून मान हलवत.

मी सांगितलं. खळखळ, खदखद, घर्रर्र. फसलेले फिल्टर एकेक करून सांगितले. ती दुपार, ती चालू मोटर, माझं वर चढलेलं बोलणं. मग म्हणालो, “तेवढ्यात हिनं हात लांब केला, बटण दाबलं आणि म्हणाली, सर, एक मिनिट गप्प बसा की.”

आणि थांबलो. मुद्दाम. गोष्टीत ती जागाच तशी होती.

मी थांबलेला कुणी कधी पाहिलेला नव्हता. बायको दचकून माझ्याकडे बघायला लागली. काकू उठल्या. “झालं वाटतं सरांचं. चला, पानं मांडली आहेत.” खुर्च्या सरकल्या, लोक उठले, माझी गोष्ट तशीच अर्धवट हवेत राहिली.

फक्त मागे खांबाशी एक माणूस जागचा हलला नव्हता. त्यांचं तोंड उघडं होतं. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि भरल्या हॉलमध्ये ओरडले, “बंद करायची! अहो, मोटर बंद करायची!”

विद्यार्थिनी माझ्याकडे वळली. “आता झाली पब्लिक, सर,” ती म्हणाली.